विल्यम एस. हार्ट : पन्नाशीच्या उंबरठ्यावर पडद्यावर आलेला काऊबॉय

माळरान

मूकपटांतील काऊबॉयचा विषय निघाला की टॉम मिक्सचे नाव आधी येते, आणि थोडे मागे जाणारे कोणी ब्राँको बिली अँडरसनची आठवण काढतात. या दोघांच्या मधल्या काळात, साधारण 1915 ते 1921 या वर्षांत, केवळ ज्याच्या नावावर वेस्टर्न चित्रपट, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतील काऊबॉय आणि दरोडेखोरांच्या कथांचे चित्रपट, चालत असत, त्या विल्यम एस. हार्टविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही. म्हणून हा धागा काढत आहे. हार्टच्या चित्रपटांतील धूळ, खोगिरे आणि लाकडी घरे खरी आहेत, पण त्यांत वावरणारी माणसे एकोणिसाव्या शतकाच्या रंगभूमीवरून थेट उतरलेली आहेत. त्याचे यश आणि त्याचा अस्त, दोन्ही या मिश्रणातूनच समजतात, असे माझे मत आहे.

त्याचा जन्म 6 डिसेंबर 1864 रोजी न्यूयॉर्क राज्यातील न्यूबर्ग येथे झाला. अमेरिकेतील यादवी युद्ध तेव्हा संपायचे होते. वडील पीठगिरण्यांच्या कामातले जाणकार असल्यामुळे कामाच्या शोधात कुटुंब मध्य-पश्चिमेकडे आणि पुढे डकोटाच्या बाजूला हिंडत राहिले, आणि तिथे या मुलाचे बालपण सू या मूलनिवासी जमातीच्या मुलांच्या शेजारात गेले. त्यांची थोडीफार भाषा त्याला येत असे. सू आणि इतर जमातींनी अमेरिकी सैन्याला हरवले ती लिटल बिगहॉर्नची लढाई झाली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि कुप्रसिद्ध पिस्तुलबाज बिली द किड मारला गेला तेव्हा सोळा वर्षांचा. हे हिशेब मुद्दाम मांडतो, कारण ज्या पश्चिमेच्या कथा त्याने पुढे पडद्यावर सांगितल्या तिच्याशी त्याचे नाते ऐकीव नव्हते, तो तिचा जवळजवळ समवयस्क होता.

मात्र त्याचे तारुण्य गेले ते रंगभूमीवर. विशीत त्याने नाटक हा व्यवसाय पत्करला, शेक्सपिअरच्या नाटकांतून कामे केली, हेलेना मोद्येस्कासारख्या नामवंत अभिनेत्रीच्या कंपनीबरोबर दौरे केले. 1899 साली न्यूयॉर्कमध्ये 'बेन-हर' रंगभूमीवर आले तेव्हा खलनायक मेसालाची भूमिका त्याच्याकडे होती. 1905 मध्ये 'द स्क्वॉ मॅन' या नाटकातील कॅश हॉकिन्स हा दुष्ट काऊबॉय त्याने रंगवला, आणि नंतर 'द व्हर्जिनियन'च्या दौऱ्यांत तो नायक झाला. म्हणजे काऊबॉयचा वेश त्याच्या अंगावर प्रथम चढला तो नाटकाच्या रंगपटात.

क्लीव्हलँड शहरात मुक्काम असताना त्याने एक वेस्टर्न चित्रपट पाहिला आणि त्यातील अज्ञान पाहून तो अस्वस्थ झाला, असे त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे. कपडे चुकीचे, माणसांची वागण्याची तऱ्हा चुकीची, आणि तरीही प्रेक्षक खूश. हे काम आपण अधिक प्रामाणिकपणे करू शकू, या खात्रीने 1914 साली नाटकाच्या दौऱ्यावर कॅलिफोर्नियात असताना तो रंगभूमीवरच्या जुन्या ओळखीच्या थॉमस इन्सला भेटला. इन्स तेव्हा सांता इनेझ दरीच्या तोंडाशी, समुद्रालगत, 'इन्सव्हिल' नावाचे चित्रनगर चालवत होता. मिलर बंधूंच्या '101 रँच' या प्रसिद्ध खेळातील घोडेस्वार, जनावरे, गाड्या आणि सू कलावंत तिथे राहत होते. वेस्टर्न चित्रपटांचा भर ओसरला आहे, असा इशारा इन्सने दिला. हार्टने तो ऐकला आणि तरीही काम मागितले. तेव्हा त्याचे वय एकोणपन्नास वर्षांचे होते.

सुरुवातीच्या दोन छोट्या खलभूमिकांनंतर आला 'द बार्गेन'. याचे काही चित्रण थेट ग्रँड कॅन्यनमध्ये झाले. यातील दरोडेखोर जिम स्टोक्सला शेरीफ पकडतो, पण हस्तगत केलेली रक्कम तो शेरीफच जुगारात घालवून बसतो, आणि मग पकडलेल्या चोरानेच ती परत लुटून आणावी आणि त्या बदल्यात सुटावे, असा सौदा होतो. चांगुलपणा आणि गुन्हा एकाच माणसात नांदू शकतात, ही हार्टच्या पुढील सगळ्या भूमिकांची बीजकल्पना इथे तयार दिसते. काम संपवून तो न्यूयॉर्कला परतला, आणि चित्रपट अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगला उतरल्याचे पाहून इन्सने त्याला नट-दिग्दर्शक म्हणून आठवड्याला 125 डॉलरवर परत बोलावले. त्याच्या चित्रपटांच्या कमाईच्या मानाने ही रक्कम फारच अपुरी होती, आणि दोघांतील कडवटपणाचे मूळ त्यातच आहे.

त्याच्या उत्तम कामाचा नमुना म्हणून मी 1916 च्या 'हेल्स हिंजेस'चे नाव घेईन. पटकथा सी. गार्डनर सलिव्हन यांची, छायाचित्रण जोसेफ ऑगस्ट यांचे. कायदा नसलेल्या एका वस्तीत एक दुबळ्या मनाचा धर्मोपदेशक आणि त्याची बहीण फेथ येतात. त्यांना हाकलून लावण्यासाठी गावातला पिस्तुलबाज ब्लेझ ट्रेसी पुढे होतो, तिला पाहतो आणि थबकतो. पुढे एका दृश्यात ब्लेझ टेबलाशी बसला आहे, हातात सिगारेट, बाजूला व्हिस्कीची बाटली आणि पुढ्यात बायबल. हे दृश्य हसू येण्यासाठी रचलेले नाही. हार्टचा चेहरा लांबट, गालफडे बसलेली, ओठ पातळ. तो पान वाचतो आणि त्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, फक्त डोळे वाक्यावर रेंगाळतात. दारूबाजी सोडावी की नाही, या प्रश्नाशी झगडणारा माणूस त्याने एवढ्यावर उभा केला आहे.

अखेरीस धर्मोपदेशक स्वतःच बहकतो, त्याच्याच हातून चर्चला आग लागते आणि त्यात तो मारला जातो. मग ब्लेझ एकटा गुत्त्यात शिरतो, जमावाला दोन पिस्तुलांच्या धाकाने रोखून धरतो, टांगलेले दिवे गोळ्यांनी फोडतो आणि पाहता पाहता सारा गाव पेटतो. धुराच्या लोटांतून काळ्या ठिपक्यांसारखी पळणारी माणसे ऑगस्टने दुरून टिपली आहेत. बायबल हाती घेतलेला माणूस शेवटी सूडाच्या देवासारखा वागतो, ही विसंगती चित्रपट सोडवत नाही, आणि मला ती त्याची सर्वांत मोठी बाजू वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत 1994 साली या चित्रपटाचा समावेश झाला.

1917 मध्ये हार्ट ॲडॉल्फ झुकॉर यांच्या कंपनीकडे गेला, पुढे त्याने स्वतःची निर्मितीसंस्था काढली, 'द टोल गेट' (1920) सारखे भक्कम चित्रपट दिले. मात्र कथेचा साचा बदलला नाही. 1923 चा 'वाइल्ड बिल हिकॉक' आणि 1924 चा 'सिंगर जिम मॅकी' यांच्यानंतर झुकॉर यांच्या कंपनीशी त्याचे फाटले, कारण कथा आणि पद्धत बदलण्याची अट त्याला मान्य नव्हती. 1925 साली स्वतःच्या जोरावर त्याने 'टंबलवीड्स' हा शेवटचा चित्रपट केला. जाणकारांनी या मांडणीत भर घालावी आणि जिथे पटत नसेल तिथे निःसंकोच सांगावे.

रंगपीठ

लेख आवडला. नाटकाच्या बाजूने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. 'बेन-हर'च्या त्या प्रयोगात रथांची शर्यत प्रत्यक्ष रंगमंचावर होत असे. जिवंत घोडे फिरत्या पट्ट्यांवर दौडत आणि मागचे चित्रित दृश्य उलट दिशेने सरकत असे, त्यामुळे रथ जागच्या जागी राहूनही पुढे धावत असल्याचा भास होई. मेसालाच्या रथात उभे राहून हार्टने हे रोज रात्री केले. घोड्यांच्या टापांच्या आवाजात आपला आवाज पोहोचणार नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्या नटाला शरीराने बोलणे शिकावेच लागते. त्याच्या मूकपटांतील तो भक्कम उभा राहण्याचा ढंग, खांदे किंचित पुढे, वजन एका पायावर, हा मला अशा मोठ्या प्रेक्षागृहांतल्या सरावाचा परिणाम वाटतो.

दुसरी गोष्ट चेहऱ्याच्या स्थिरतेची. रंगभूमीवरून आलेले त्या काळातील बहुतेक नट कॅमेऱ्यासमोर हातवारे वाढवत, आणि हार्टने ते कमी केले. परंतु त्याचा स्थिर चेहरा हा वास्तववादी अभिनय आहे, असे मी म्हणणार नाही. मेलोड्रामात महत्त्वाच्या क्षणी सारे पात्र गोठून उभे राहते आणि प्रेक्षकाला ते चित्र पुरेसा वेळ पाहू दिले जाते. हार्टने तीच युक्ती जवळच्या दृश्यात आणली. त्यामुळे आपण मांडलेला मिश्रणाचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो.

नव्याने पाहणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. हे चित्रपट हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यांवर, बहुधा सेकंदाला 16 ते 20 चौकटींच्या आसपास घेतलेले असत. इंटरनेटवरील अनेक प्रती 24 चौकटींच्या वेगाने चालतात, माणसे लगबगीने धावताना दिसतात आणि हार्टचा सारा ठहराव वाया जातो. वेग दुरुस्त केलेली प्रत मिळवूनच पाहावी.

तांबडीमाती

माळरान, मांडणी अभ्यासपूर्ण आहे, पण दोन ठिकाणी माझा मतभेद आहे.

पहिला मुद्दा खरेपणाचा. टॉम मिक्सला भपकेबाज म्हणून बाजूला सारण्याची प्रथा आहे, पण मिक्स हा स्वतः '101 रँच'च्या खेळात काम केलेला, जनावरे हाताळणारा, जातिवंत घोडेस्वार होता. हार्टचे आयुष्य मात्र गाड्यांतून आणि नाटकगृहांतून गेले. नक्षीदार शर्ट घातला म्हणून मिक्स खोटा आणि मळका शर्ट घातला म्हणून हार्ट खरा, ही विभागणी फारच वरवरची आहे. कामावरच्या गुराख्यांनाही सणासुदीला नटण्याची हौस असे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि तो मूळ लेखात आलेला नाही. 1916 च्या 'द आर्यन'चे नाव घेतल्याशिवाय हार्टविषयी बोलणे अपुरे आहे. सोन्याच्या शोधातून पैसा कमावलेल्या नायकाला गावातले गोरे लोक फसवतात, तो वाळवंटात जाऊन मेक्सिकन आणि मूलनिवासी लोकांच्या टोळीचा म्होरक्या होतो, आणि शेवटी एका गोऱ्या मुलीच्या विनवणीमुळे त्याला आपल्या 'वंशाच्या कर्तव्याची' जाणीव होते. गोऱ्या स्त्रीचे रक्षण हा गोऱ्या पुरुषाचा कधीही न विसरता येणारा धर्म आहे, असे त्या मूकपटातील मजकुराच्या पाट्या उघडपणे सांगतात. 'हेल्स हिंजेस'मध्येही खलनायकाची ओळख करून देणाऱ्या पाटीत त्याच्या कावेबाजपणाची तुलना मेक्सिकन माणसाशी केलेली आहे. लहानपणी सू मुलांबरोबर खेळलेल्या माणसाच्या चित्रपटांत हे यावे, याचे दुःख अधिक वाटते.

माळरान

तांबडीमाती, आपला दुसरा आक्षेप पूर्णपणे रास्त आहे, आणि तो सौम्य करण्याचा प्रयत्न मी करणार नाही. 'द बर्थ ऑफ अ नेशन' आदल्याच वर्षी, 1915 मध्ये आला होता आणि वंशश्रेष्ठत्वाचा विचार तेव्हा अमेरिकी चित्रपटगृहांत राजरोस विकला जात होता, हे खरे आहे. पण त्या काळातही त्याला विरोध करणारे होते, त्यामुळे केवळ काळाकडे बोट दाखवून भागत नाही. पटकथा सलिव्हन यांची असली तरी हार्ट स्वतः दिग्दर्शनात होता आणि ही भूमिका त्याला प्रिय होती. मूलनिवासी लोकांविषयी त्याला मनापासून आस्था होती, आणि तरीही त्याच्या कथेतला उद्धार मात्र गोऱ्यांसाठीच राखलेला राहिला. हे दोन्ही एकाच माणसाबद्दल खरे आहे.

मिक्सविषयी मात्र थोडे वेगळे सांगतो. घोडेस्वारीत मिक्स श्रेष्ठ होता, यात वाद नाही. माझा मुद्दा दोघांनी पडद्यावर कोणते जग रचले याविषयी आहे. मिक्सच्या चित्रपटांत गाव म्हणजे खेळाचे मैदान असते, तिथे कोणी दारूच्या आहारी जात नाही, नायकाला भूतकाळ नसतो, आणि साहस संपले की सगळे निर्मळ होते. 1917 पासून फॉक्स कंपनीने त्याला जे व्यासपीठ दिले त्यावर त्याने हा आनंद मोठ्या कौशल्याने उभा केला. युद्धानंतरच्या तरुण प्रेक्षकाला तो भावला, यात आश्चर्य नाही. हार्टचा नायक मात्र पडद्यावर येतानाच काहीतरी गमावून आलेला असतो.

त्या काळच्या खऱ्या माणसांशी त्याचा संबंध किती जवळचा होता, याचे एक उदाहरण देतो. पश्चिमेत कायद्याचा रखवालदार म्हणून गाजलेला वायट अर्प उतारवयात लॉस एंजेलिसमध्ये राहत होता आणि हार्टशी त्याचा पत्रव्यवहार होता. आपल्याविषयी पसरलेल्या खोट्या गोष्टी पुसल्या जाव्यात म्हणून आपली कथा हार्टने पडद्यावर आणावी, अशी इच्छा अर्पने 1923 मध्ये पत्रातून कळवली होती. ते घडले नाही, पण 'वाइल्ड बिल हिकॉक'मध्ये अर्प हे पात्र थोडा वेळ येऊन जाते. जानेवारी 1929 मध्ये अर्प वारला तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत हार्ट आणि टॉम मिक्स दोघेही होते.

सांजवारा

हार्टच्या घोड्याविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. फ्रिट्झ हा तांबड्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, अंगाने लहानखुरा घोडा होता. अशा ठिपकेदार घोड्यांना तेव्हा रँचवर फारशी प्रतिष्ठा नव्हती. हार्टने त्याला पडद्यावरचा पहिला नामांकित घोडा केले. मिक्सचा टोनी आणि पुढचे सगळे घोडे नंतरचे. 1917 च्या 'द नॅरो ट्रेल'ची कथाच फ्रिट्झसाठी रचलेली आहे. दरोडेखोर नायक रानटी घोड्यांच्या कळपाचा ठिपकेदार म्होरक्या पकडतो, आणि असा घोडा कुठेही चटकन ओळखू येईल म्हणून टोळीचे लोक त्याला सोडून द्यायला सांगतात. नायक घोडा ठेवतो आणि टोळी सोडतो. आपल्या जनावराशी इमान राखण्यातून माणूस सुधारतो, हा विचार मला अतिशय सुंदर वाटला.

इन्सशी वाद झाला तेव्हा हार्टने सुमारे दोन वर्षे फ्रिट्झला पडद्यावर येऊच दिले नाही आणि 1920 च्या 'सँड!'मध्ये त्याचे पुनरागमन झाले. 'सिंगर जिम मॅकी'मधील कड्यावरून कोसळण्याचे दृश्य खरे वाटून प्राण्यांच्या छळाची ओरड झाली, तेव्हा तिथे बनावट घोडा वापरला होता हे हार्टला पटवून द्यावे लागले. 1938 साली फ्रिट्झ गेला. कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथील हार्टच्या रँचवर त्याचे थडगे आहे आणि त्यावरील दगडावर त्याचे वय 31 वर्षे कोरले आहे.

कायदेपंडित_नव्हे

'टंबलवीड्स'च्या वितरणावरून झालेल्या वादाविषयी माळरान यांनी लिहावे, अशी विनंती. तसेच हार्टच्या कौटुंबिक आयुष्याविषयी काही खात्रीलायक माहिती असल्यास तीही द्यावी.

माळरान

कौटुंबिक भाग आधी आणि थोडक्यात सांगतो. धाकटी बहीण मेरी एलन ही त्याच्या आयुष्यातील सर्वांत निकटची व्यक्ती होती. ती अखेरपर्यंत त्याच्याबरोबर राहिली आणि 1943 मध्ये वारली. डिसेंबर 1921 मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी, त्याने अभिनेत्री विनिफ्रेड वेस्टोव्हरशी लग्न केले. काही महिन्यांतच दोघे वेगळे झाले. 1922 च्या सप्टेंबरमध्ये मुलगा झाला आणि 1927 मध्ये घटस्फोट.

आता 'टंबलवीड्स'. चार्ली चॅप्लिन, मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स हे नट आणि दिग्दर्शक ग्रिफिथ यांनी 1919 मध्ये 'युनायटेड आर्टिस्ट्स' स्थापन केली, त्याच्या पहिल्या बोलण्यांत हार्टही सहभागी होता. पण झुकॉर यांनी देऊ केलेल्या अटी सोडून तो त्यात गेला नाही. सहा वर्षांनी त्याच कंपनीकडे त्याला आपला शेवटचा चित्रपट वितरणासाठी न्यावा लागला. हा चित्रपट योग्य चित्रपटगृहांत लावला नाही, त्याची विक्री नीट केली नाही, अशी त्याची तक्रार होती. त्याने कंपनीवर दावा लावला आणि तो अनेक वर्षे चालला. वितरकाची बाजूही लक्षात घ्यावी लागेल. 1925 मध्ये हार्ट एकसष्ट वर्षांचा होता, त्याचे नायकपण प्रेक्षकांना जुने वाटू लागले होते, आणि बस्टर कीटनने 1922 च्या 'द फ्रोझन नॉर्थ'मध्ये त्याच्या त्या गंभीर, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या नायकाचे विडंबनही केले होते. हार्ट त्यामुळे दुखावला होता.

तरीही चित्रपट म्हणून 'टंबलवीड्स' हा त्याच्या उत्तम कामांत बसतो. विषय आहे 16 सप्टेंबर 1893 रोजी ओक्लाहोमातील चेरोकी पट्ट्यात झालेल्या जमीनधावेचा. सरकारने मोकळ्या केलेल्या जमिनीवर ठरलेल्या वेळी सीमारेषेवरून सुटायचे, आणि जो आधी पोहोचून खुंट ठोकील त्याची जमीन. धाव सुरू होण्यापूर्वी हार्टने काय केले आहे, ते पाहण्यासारखे आहे. टेकडीवरून गुरांचे कळप कायमचे बाहेर निघताना दिसतात, गुराखी घोड्यांवर थांबून पाहतात, पश्चिमेचा हा शेवट आहे असे हार्टचे पात्र म्हणते आणि सगळे टोप्या काढतात. शेतीसाठी कुंपण पडणार म्हणजे मोकळ्या चराऊ रानावर जगणाऱ्या माणसाचे काम संपणार. मग तोफ होते आणि गाड्या, घोडे, सायकली, पायी धावणारी माणसे असा सारा लोंढा एकदम सुटतो. त्यात हार्ट एकटा घोड्यावर उतार कापत जातो, तिथे कॅमेरा इतका नेमका लावला आहे की एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले दिसतात. एकसष्टाव्या वर्षी त्याने हे केले, याचे मला आजही कौतुक वाटते. तांबडीमाती यांच्या मुद्द्याला धरून हेही नोंदवतो की ती जमीन मुळात चेरोकी लोकांची होती, आणि चित्रपटाचे सारे दुःख गुराख्यांसाठी आहे, त्यांच्यासाठी नाही.

तांबडीमाती

शेवटचे वाक्य जोडल्याबद्दल आभार. 'टंबलवीड्स' 1939 साली पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याला जोडलेले हार्टचे बोलके प्रास्ताविक मी पाहिले आहे, आणि माझे मतभेद बाजूला ठेवून सांगते की ते प्रत्येकाने पाहावे. न्यूहॉलच्या आपल्या रँचवर, काऊबॉयच्या वेशात, पंचाहत्तरीला टेकलेला हा माणूस कॅमेऱ्याकडे पाहून जवळजवळ आठ मिनिटे बोलतो. आवाज खर्जातला, प्रत्येक शब्दाचा उच्चार स्वच्छ, हात रुंदावून केलेले हावभाव. म्हणजे रंगपीठ यांनी सांगितलेला तो जुना नट इथे पहिल्यांदा ऐकू येतो. जमीनधावेची हकीकत सांगून तो चित्रपटाच्या कामाविषयी बोलू लागतो. तोंडावर आपटणारा वारा, मागे लागलेल्या टापा, आणि धुळीच्या लोटातून दिग्दर्शकाची हाक येते, आलास सुखरूप, बरे झाले, अशा अर्थाची. इथे त्याचा आवाज कापतो. त्याच्या मूकपटांत जे मला अति भावुक वाटत असे, ते आवाजासह ऐकल्यावर वेगळे वाटले. तो हे मानत होता, त्यात दिखावा नव्हता.

रंगपीठ

सहमत आहे. बोलपटात त्याला काम मिळाले असते तर तो टिकला असता का, असा प्रश्न ते प्रास्ताविक पाहून पडतो. माझे उत्तर नकारार्थी आहे. तो आवाज गॅसच्या दिव्यांच्या काळातील मोठ्या नाट्यगृहासाठी घडलेला होता आणि 1930 च्या दशकातील ध्वनिग्राहकाला कमी आवाजात बोलणारे नट हवे होते. त्याचा खरा वारसा मला हॅरी कॅरी या नटामध्ये दिसतो. दिग्दर्शक जॉन फोर्डने 1917 च्या 'स्ट्रेट शूटिंग'मध्ये कॅरीला जो भटका, मळका, अर्धा गुन्हेगार असलेला नायक दिला, तो हार्टच्या नायकाचा सख्खा भाऊ आहे. फरक इतकाच की कॅरी स्वतःला सैल सोडतो आणि हार्टला ते कधी जमले नाही.

कायदेपंडित_नव्हे

माहितीबद्दल माळरान यांचे मनापासून आभार. रँचचे पुढे काय झाले? आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याने सुरुवात कोणत्या चित्रपटापासून करावी?

माळरान

हार्ट 23 जून 1946 रोजी वारला आणि ब्रुकलिनमधील ग्रीन-वुड दफनभूमीत त्याचे दफन झाले. न्यूहॉलचा रँच, टेकडीवरचे स्पॅनिश धाटणीचे घर आणि त्यातील संग्रह त्याने लॉस एंजेलिस काउंटीला, म्हणजे जनतेला देऊन टाकला. लोकांनी आपली नाणी खर्च करून माझे चित्रपट पाहिले, तेव्हा माझ्यामागे हे घर त्यांचे असावे, अशी त्याची भूमिका होती. मुलाने मृत्युपत्राला न्यायालयात आव्हान दिले, ते टिकले नाही. आज तिथे सार्वजनिक उद्यान आणि संग्रहालय आहे. चित्रकार चार्ल्स रसेल हा हार्टचा मित्र होता, त्याची चित्रे तिथे पाहता येतात, आणि 1962 मध्ये वॉल्ट डिस्नी यांनी दिलेल्या गव्यांच्या, म्हणजे अमेरिकी बायसनच्या, कळपाचे वंशज तिथे चरतात.

सुरुवात 'हेल्स हिंजेस'पासूनच करावी. तो तासाभराचाच आहे आणि हार्टचे सगळे गुणदोष त्यात एकवटले आहेत. त्यानंतर 'द टोल गेट' पाहावा, कारण त्यातील दरोडेखोर ब्लॅक डीअरिंगला शेवटी क्षमा मिळते, पण त्याचा संसार मांडून देण्याचा मोह चित्रपटाने टाळला आहे आणि नायक एकटाच सीमेपलीकडे जातो. 'टंबलवीड्स' अखेरीस पाहावा, आणि तो प्रास्ताविकासह असलेलाच पाहावा. 'द बार्गेन' मात्र आधीचे दोन पाहून झाल्यावर मध्ये कुठेही चालेल. त्यातील शेरीफचे काम विशेष लक्ष देऊन पाहावे, कारण कायद्याचा रखवालदार आणि चोर यांना एकाच पातळीवर आणण्याचे धाडस 1914 सालच्या चित्रपटात मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही. कोणी पाहिले असल्यास त्या चित्रपटाचे नाव इथे जरूर द्यावे.